सव्वा तासाचा ससा

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज तो माझ्या दारात उभा होता. सात वर्षांनी.

दुपारी चारची वेळ. मी मागच्या खोलीत एका आजींची दुभंगलेली कवळी जोडत होतो. हिने हाक मारली, "अहो, कोणीतरी आलंय. मफलर गुंडाळलाय, चेहरा दिसत नाही." मला चेहरा दिसायची गरज पडली नाही. एका पायावर भार टाकून, जग आपल्यासाठी खोळंबलंय अशा थाटात उभं राहायची ती तऱ्हा मी बावीस वर्षं पाहिली आहे.

खोलीत आल्यावर त्याने मफलर सोडला. तोंड रिकाम्या पिशवीसारखं आत ओढलेलं. एकही दात नाही. दातांचा डॉक्टर, आणि एकही दात नाही! हिरड्यांचा रोग, म्हणाला. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या शहरात जाऊन उरलेसुरले सगळे काढून घेतले. दवाखान्यात दिवसभर मास्क असतो, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. जेवतो ते खोलीचं दार लावून, पातळ काहीबाही.

"कवळी हवी आहे," तो म्हणाला. "तुमच्याच हातची."

तुमच्या! त्याच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बावीस वर्षं मी कवळ्या बनवल्या आणि बावीस वर्षं 'अरे' आणि 'ए' ऐकलं. दात गेल्याबरोबर जिभेला अदब आली.

"आणि तुमच्याशी आणखी एक बोलायचं होतं," तो म्हणाला.

मी म्हणालो, "आधी विचार करू दे. उद्या कळवतो." आणि तो बाहेर पडताच दार लावून घेतलं. मग मी इतका हसलो की ही पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघू लागली.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

होकार कळवला. हिला वाटतं मी मोठ्या मनाचा झालो. वाटू दे.

जे झालं ते एकदा इथे नीट लिहून ठेवतो. सात वर्षांपूर्वी गाणं शिकवणाऱ्या एका बाईंना खालची कवळी करून दिली. ती त्यांना लागली. हिरडी कापली, जखम चिघळली, महिनोन्‌महिने बरी होईना. बाई तक्रार घेऊन आल्या तेव्हा बाहेर नऊ पेशंट बसले होते. डॉक्टरने मला मागच्या खोलीतून बाहेर बोलावलं आणि त्या सगळ्यांसमोर म्हणाला, "हे याचं काम. याचे हात थरथरतात. दुपारपासूनच घेतो हा."

मी आयुष्यात थेंबाला शिवलो नाही. कवळी वाईट झाली कारण माप वाईट होतं. मापासाठी तोंडात भरलेला लगदा घट्ट व्हायच्या आत याने तो उपसून काढला, कुठेतरी पळायचं होतं म्हणून. पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. संध्याकाळपर्यंत नोकरी गेली आणि आठवड्याभरात सगळ्या दवाखान्यांमध्ये माझं नाव 'थरथऱ्या' पडलं. आज मी घरच्या मागच्या खोलीत फुटक्या कवळ्या जोडतो. नव्या कोणी देत नाही.

म्हणून ठरवलं आहे. त्याचे दात त्याच्याच घशात घालायचे. आणि ते दातही मीच बनवायचे.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

पहिलं माप घेतलं. लगदा घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात. मी आठ मिनिटं ठेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं त्याच्या, नाकाने फुसफुसत होता, खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मी घड्याळ पाहत उभा राहिलो आणि म्हणालो, "घाई करून चालत नाही, डॉक्टर." त्याने मान हलवली. हो, हो, अशी. लोचट.

लगदा काढल्याकाढल्या तो म्हणाला, "मला तुम्हाला सांगायचं होतं की त्या वेळी..."

"अजून खालचं राहिलंय. उघडा." आणि दुसरा साचा तोंडात.

फार बोलका झालाय. एकटा जेवतो म्हणून असेल.

माप मात्र असं आलं की प्लास्टर ओतताना माझंच मन खूश झालं. प्रत्येक वळी, प्रत्येक खळगा. असं माप या गावात कुणी घेत नसेल.

शनिवार, ९ नोव्हेंबर

योजना अशी. कवळी बसल्यावर पहिलं जेवण माझ्या घरी, त्यानंतरच्या रविवारी दुपारी, अशी अट मी त्याला घातली आहे. त्याने लगेच मान्य केली. जेवायला अजून दोघं असतील. एक त्या गाणं शिकवणाऱ्या बाई. दुसरा, दवाखान्यांना माल पुरवणारा एजंट, ज्याला सगळे 'रेडिओ' म्हणतात, कारण सकाळी त्याच्या कानात पडलेलं दुपारपर्यंत शेवटच्या दवाखान्यात पोचलेलं असतं. या दोघांसमोर डॉक्टरने एक घास चावायचा आणि दात ताटात पडायचे. बस्स.

आणि घास कशाचा, तेही ठरलं. सशाचा. झाकणाच्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेला ससा म्हटलं की हा माणूस जीव टाकतो. दवाखान्याच्या वर्षअखेरच्या जेवणात मागची तंगडी कुणी घेतली यावरून रुसून बसलेला मी पाहिलाय त्याला. शिवाय सशाचं मांस दोऱ्यादोऱ्यांचं आणि फासळ्यांची हाडं सुईसारखी. नव्या कवळीला याहून मोठा शत्रू नाही.

हिला सांगितलं, त्या रविवारचा स्वयंपाक मी करणार. ती म्हणाली, "तुम्ही? चहा उतू घालवता तुम्ही." मी म्हणालो, शिकेन. त्यात काय, उष्णता आणि वेळ. कवळीसुद्धा शेवटी शिजवावीच लागते.

रविवार, १० नोव्हेंबर

पहिला प्रयोग. खाटकाकडून कोवळा ससा आणला, तुकडे करून घेतले: मागच्या दोन तंगड्या, पुढच्या दोन, पाठीचे तीन भाग, फासळ्या वेगळ्या. तासभर मिठाच्या पाण्यात ठेवून पुसले, पिठात घोळवून चरबीवर चारी बाजूंनी लाल केले. इथवर उत्तम. मग कांदा, गाजर, लसूण, मिरी, तमालपत्र, दोन पळ्या व्हिनेगर, बुडेल एवढं पाणी. बिडाच्या भांड्यावर झाकण ठेवलं आणि आच मोठी केली, लवकर व्हावं म्हणून.

पाऊण तासाने जे निघालं ते पायपुसण्याचे धागे होते. चिवट म्हणावं तर कोरडं, आणि वास उकडलेल्या कपड्यांचा. याला डॉक्टर तोंडसुद्धा लावणार नाही. तोंडच लावलं नाही तर दात कसे पडणार?

ही सगळं ताटभर खाऊन म्हणाली, "इतक्या मोठ्या आचेवर नाही शिजत हो. त्याला उकळू द्यायचं नसतं. नुसतं थरथरायला हवं पाणी."

थरथरायला म्हणे. दुसरा शब्द सुचला नाही तिला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आज दातांच्या जागी मेणाच्या पट्ट्या घालून त्याचा चावा नोंदवला, म्हणजे वरचा जबडा खालच्यावर नेमका कुठे टेकतो ते. मेण तोंडात असताना तो पुन्हा काहीतरी सांगू लागला. मी म्हणालो, "गिळा. आता जीभ मागे. आता मिटा." मिटलं.

तो गेल्यावर खरं काम सुरू केलं आणि एक अडचण आली. ती इथे प्रामाणिकपणे लिहितो.

खालची मागची दाढ केसभर उंच बसवायची, असं मनाशी ठरवलं होतं. एवढंसं पुरतं. एका बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलते आणि कवळी सटकते. दाढ बसवली. पाहिली. काढली. पुन्हा बसवली. दोन तास हेच. शेवटी ती जिथे असायला हवी तिथेच बसवली आणि तेव्हा कुठे मानेतली ओढ गेली.

कारण उघड आहे. कवळी वाईट झाली तर रेडिओ काय सांगेल? 'थरथऱ्याचे हात अजून थरथरतात.' डॉक्टरलाच फावेल. म्हणून दात उत्तमच हवेत. इतके उत्तम की बोट ठेवायला जागा नको. मग दोष फक्त सशाचा. त्या मांसाला कुठलीही नवी कवळी टिकणार नाही हे मला माहीत आहे, डॉक्टरलाही माहीत आहे, पण माझ्या घरात, लोकांसमोर, त्याला नाही म्हणता येणार नाही.

हे जास्त चांगलं आहे. आधीच सुचायला हवं होतं.

रविवार, १७ नोव्हेंबर

दुसरा प्रयोग, आणि हा सुफळ!

मेव्हणा घरामागे ससे पाळतो. त्याच्याकडून म्हातारा नर आणला, चार वर्षांचा, मानेला मुठीएवढी जाडी. या वेळी आच अगदी बारीक, भांड्याखाली लोखंडी पत्रा, आणि दर पंधरा मिनिटांनी झाकण उचलून एक तुकडा काट्याने टोचून वहीत नोंद. हीच वही.

अर्धा तास: वास नाही, मांस कच्चट. पाऊण तास: कांदा विरघळू लागला. एक तास: वास यायला लागला. सव्वा तास: काय सांगू! शेजारच्या घरातून विचारणा आली, आज काय आहे म्हणून. रस्सा तपकिरी, चकाकता, मिरी आणि व्हिनेगर एकमेकांत मुरलेले. आणि मांस? मांस रबर. काटा शिरतो पण निघत नाही. मी स्वतः एक तुकडा खाल्ला, माझे सगळे दात शाबूत आहेत तरी जबडा दुखला.

पुढे दोन तासांनी ते सैल पडायला लागलं. साडेतीन तासांनी हाड नुसतं धरून हलवलं तर मांस खाली गळून पडलं, लोण्यासारखं. ही डोळे मिटून खात होती. म्हणाली, "लग्नाला एकतीस वर्षं झाली, तुम्ही पहिल्यांदा मला काहीतरी वाढलंत."

मी वहीत सव्वा तासाभोवती गोल केला. नेमका क्षण तो. वास स्वर्गाचा, मांस चपलेचं.

हिने ते गोल केलेलं पाहिलं. "साडेतीन तासाला गोल करायचा राहिला का?" तिने विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं. बरं वाटलं सांगून. ती बराच वेळ ताटातली हाडं एका बाजूला लावत बसली. मग म्हणाली, "सात वर्षं दात धरून बसलात त्याच्यावर."

"बसणारच," मी म्हणालो.

"म्हातारा झालाय तो. आणि काहीतरी बोलायचंय त्याला. दर वेळी बोलायला जातो आणि दर वेळी तुम्ही त्याच्या तोंडात काहीतरी कोंबता."

म्हणजे काय, कवळी बनवताना तोंडात कोंबणार नाही तर काय करणार?

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आमंत्रणं केली. रेडिओ तर फोनवरच तयार झाला, ससा म्हटल्यावर.

बाईंच्या घरी स्वतः गेलो. त्यांच्याशी एक शब्द बोलल्यालाही सात वर्षं झाली. दारातच उभं राहून बोललो. घरातून कुणीतरी वाद्यावर तेच ते सूर पुन्हा पुन्हा वाजवत होतं. त्या आता फक्त वाद्य शिकवतात, गाणं नाही, असं कळलं. मी म्हणालो, रविवारी जेवायला या, तुमच्या मनासारखं काहीतरी घडेल.

"माझ्या मनात काय आहे हे तुम्हाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"माहीत आहे," मी म्हणालो.

"बरं. येते."

जरा कोरड्याच वाटल्या. पण येणार आहेत.

शनिवार, २३ नोव्हेंबर

कवळी बसवली.

शेवटचं घासकाम सकाळी केलं. बारीक पूड लावून चाकावर इतकं पॉलिश केलं की गुलाबी हिरडीत खिडकी दिसत होती. निळा कागद दातांत धरून चावायला लावलं, सगळ्या दाढांवर सारखे ठिपके. एकही उंच नाही. वरची तर अशी चिकटली की त्याने जिभेने ढकलून पाहिली आणि हलली नाही.

मी आरसा दिला. त्याने पाहिलं, आणि आरसा खाली ठेवला, आणि रडायला लागला. साठी ओलांडलेला माणूस, माझ्या मोडक्या खुर्चीत. मला कुठे बघावं कळेना. मी हत्यारं पुसायला घेतली.

"उद्या बाई येणार आहेत ना?" त्याने विचारलं. हिने सांगितलं असणार त्याला. "बरं झालं. मग उद्याच."

उद्याच काय, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. उद्याचं माझं मला पाठ आहे. मेव्हण्याने दुसरा नर पाठवलाय, पहिल्याहून म्हातारा.

रविवार, २४ नोव्हेंबर

लिहितो आहे. हात स्थिर आहे.

सकाळी आठला तुकडे लाल करून भांड्यात रचले, रस्सा ओतला, झाकण ठेवून भांडं बाजूला ठेवलं. जेवण साडेबाराला. म्हणजे सव्वाअकराला आचेवर ठेवायचं, मिनिटभरही आधी नाही. हिने म्हटलं, "पाव ताजा हवा, तो चौकापलीकडचा. आणि बाईंना घर सापडणार नाही, तुम्हीच थांब्यावर जाऊन घेऊन या." मी नऊच्या आत निघालो. पावाला रांग होती, बाईंची बस उशिरा आली. परतलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. भांड्याचं झाकण गरम लागलं. ही म्हणाली, रस्सा आंबू नये म्हणून नुसता एकदा तापवला. मी सव्वाअकराला भांडं आचेवर ठेवलं आणि बरोबर साडेबाराला उतरवलं. घड्याळ समोर ठेवून.

डॉक्टर मफलर न घालता आला. बाईंना पाहून दारात थबकला, मग वाकून नमस्कार केला. बाईंनी मान हलवली. रेडिओ आधीच खुर्चीत बसून वास घेत होता.

मी वाढलं. डॉक्टरच्या ताटात मागची तंगडी, मोठ्यातली मोठी. फासळ्या शोधल्या तर भांड्यात नव्हत्याच. ही म्हणाली, मांजराला घातल्या. मग मी बसलो आणि बघत राहिलो. त्याने काटा लावला.

मांस हाडावरून खाली गळून पडलं.

मी माझ्या ताटातला तुकडा टोचला. तोही गळला. पुन्हा घड्याळ पाहिलं. सव्वा तास, सेकंद इकडे नाही तिकडे नाही. मेव्हण्याने फसवलं मला! म्हातारा सांगून कोवळा ससा गळ्यात मारला. आता काय करायचं? डॉक्टर चावत होता. दोन्ही बाजूंनी, सावकाश, डोळे मिटून. तीन महिन्यांनी पहिला चावलेला घास. दात जागचे हलले नाहीत. दुसरी वाढणी मागितली त्याने.

मी मनातल्या मनात एक वाक्य जुळवत होतो, सरळ बोलूनच टाकावं म्हणून, तेवढ्यात रेडिओ म्हणाला, "डॉक्टर, या वयात काय दात आहेत हो तुमचे! एकही पडला नाही?"

डॉक्टरने काटा खाली ठेवला. रुमाल घेतला. आणि सगळ्यांसमोर आधी खालची आणि मग वरची कवळी काढून ताटाच्या कडेला ठेवली.

रेडिओचा घास हातातच राहिला.

मग डॉक्टर बोलला. बाईंकडे बघून, बऱ्यापैकी लांबलचक. पण दात नव्हते. नुसती फुसफूस, वारा आणि ओठांची फडफड. घाबरला होता, भरभर बोलत होता, त्यामुळे आणखीच काही कळेना. बोलून झाल्यावर हात मांडीवर ठेवून बसला.

"काय म्हणाले?" रेडिओने मला विचारलं.

बाईंनाही कळलं नव्हतं. हिलाही नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण या खोलीत बोळक्या तोंडाची भाषा समजणारा मी एकटा. तीस वर्षं हेच ऐकत आलोय. मला अक्षरन्‌अक्षर कळलं होतं. तो म्हणाला होता, "बाई, तुमचं माप मी घाईत काढलं. मला एका समारंभाला जायचं होतं. यांचे हात कधी थरथरले नाहीत. हे कधी प्यायले नाहीत. मी खोटं बोललो, आणि सात वर्षं खोटं बोलत राहिलो."

सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या टेबलावर बोललं गेलं होतं आणि ऐकलं होतं फक्त मी.

मीच सांगितलं असतं तर? मग ते माझं बोलणं झालं असतं. थरथऱ्या स्वतःच्या बाजूने बोलतोय. मी उठलो. ताटातून कवळी उचलली, मोरीत धुतली, पुसली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"लावा, डॉक्टर," मी म्हणालो. "आणि पुन्हा सांगा."

"अहो," ही म्हणाली.

"पुन्हा सांगा."

त्याचे हात कापत होते. खालची नीट बसेना, दोनदा निसटली. मी मदत केली नाही. तिसऱ्यांदा बसली. आणि त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं, माझ्या दातांनी. प्रत्येक 'स' स्वच्छ, प्रत्येक 'च' स्वच्छ. कुठे शीळ नाही, कुठे अडखळ नाही. रेडिओच्या तोंडाचा आ झाला होता. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की भीती वाटली.

मग बाई बोलल्या. डॉक्टरशी नाही. माझ्याशी.

"तुम्ही ती कवळी बनवलीत ना? माझी?"

"हो. पण मापच..."

"ते कळलं. माप तुमच्या हातात आलं तेव्हा ते बिघडलेलं आहे हे तुम्हाला दिसलं होतं?"

मी डॉक्टरकडे पाहिलं. तो ताटाकडे पाहत होता.

"दिसलं होतं," मी म्हणालो. "कडेला ओढलं गेलं होतं. पण ते डॉक्टर होते. मी काय बोलणार?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं ती मला लागणार."

मी खुर्चीत येऊन बसलो.

"आठ महिने मला पाणी पितानासुद्धा रडू यायचं," बाई म्हणाल्या. "आधी आधी मला वाटायचं मीच तोंड नीट उघडलं नसेल. तुम्ही या गावातच होता. एकदाही विचारायला आला नाहीत. आणि मंगळवारी आमंत्रण घेऊन आलात, माझ्या मनासारखं घडेल म्हणून."

त्यांनी ताटातलं सगळं संपवलं, हिला म्हणाल्या, फार छान झालंय, आणि उठल्या. रेडिओ त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेला. मी आणि डॉक्टर समोरासमोर राहिलो. ही दोघांना पुन्हा वाढू लागली. त्याने खाल्लं. मी बसलो होतो.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

रेडिओने आपलं काम चोख केलं. कालपासून पाच दवाखान्यांतून फोन आले. नवी कामं. एकाने तर 'साहेब' म्हटलं. डॉक्टरने दवाखान्यात मास्क काढून सगळ्यांना दात दाखवले म्हणे, आणि कुणी बनवले तेही सांगितलं.

हेच हवं होतं मला. हेच. तरी काल दिवसभर एकही काम हातात धरलं नाही. मनात सारखी भांडणं चालली आहेत, आणि ती डॉक्टरशी नाहीत. बाईंना सांगतोय की नोकरी होती, घर चालवायचं होतं, मागच्या खोलीतल्या माणसाला कोण विचारतं. त्या मात्र नुसत्या बघतात.

मेव्हण्याला फोन करून शिव्या घातल्या. तो शपथा घेतो की ससा सहा वर्षांचा होता, अंगणातला सगळ्यांत जुना. ही शेजारी उभी राहून भांडी पुसत होती, भलतीच मन लावून.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

सकाळी मापाचं सामान पिशवीत भरलं आणि बाईंच्या घरी गेलो. हिने कुठे म्हणून विचारलं नाही, फक्त पिशवीत स्वच्छ रुमाल टाकला.

बाईंनी दार उघडलं. मी म्हणालो, "तुम्हाला नवी बनवून देतो. चांगली. लागणार नाही."

"आता कशाला?"

"गाता येईल," मी म्हणालो.

त्या हसल्या, पण तसं हसू कुणी माझ्यासाठी हसू नये. तरी आत घेतलं. खिडकीजवळ टेबल होतं, दोन खुर्च्या. मी पिशवीतून वाटी, लगदा, साचे काढू लागलो, तर म्हणाल्या, "ते राहू द्या. बसा."

बसलो.

त्या आतून पत्र्याची एक डबी घेऊन आल्या आणि उघडून टेबलावर माझ्यापुढे ठेवली. कापसात ती खालची कवळी होती. माझीच. दातांची ओळ मी कुठेही ओळखेन. आतल्या कडेला, जिथे माप ओढलं गेलं होतं, ती धार अजून तशीच होती. बोट लावून पाहिलं. कापतं.

"आधी मी बोलणार," बाई माझ्यासमोर बसत म्हणाल्या. "सगळं, पहिल्या दिवसापासून. तुम्ही ऐकायचं. मधे बोलायचं नाही, कारणं सांगायची नाहीत, उठायचं नाही. जमेल?"

मी मान हलवली. हो, हो, अशी.

आणि त्या सांगू लागल्या.